भिंतीचा रंग चुन्यात असतो

पणजीच्या फोंताईन्हासमधलं एखादं जुनं घर दुरुस्तीला निघालं की रंगारी आधी भिंत खरवडून काढतात. चुन्याचे पापुद्रे रस्त्यावर पडतात. मग शेड कार्डावर जुळवून तोच पिवळा, तोच निळा प्लास्टिक पेंट लावला जातो. घर पुन्हा देखणं दिसतं. पण याला जतन म्हणता येणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

शिंपले किंवा चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विझवून भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि त्याची पुन्हा चुनखडी होते. कालवलेल्या गेरूचे कण या नव्या स्फटिकांत अडकून राहतात. ओला चुना अतिशय अल्कधर्मी असल्यामुळे त्यात प्रत्येक रंग तगत नाही. गेरू, पिवळी माती, कपड्यांना घालायची पुडीतली जुनी नीळ टिकते. प्रशियन निळा मात्र विटतो. जुन्या घरांवर ठरावीकच छटा दिसतात, त्यामागे हे रसायनशास्त्रही आहे.

भिंती बहुतेक जांभ्या चिऱ्यांच्या. जांभा सच्छिद्र, आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्यातून वाफ होऊन बाहेर पडतं. प्लास्टिक पेंटचा पडदा ही वाट अडवतो. ओल आत साठते, पाण्यातले क्षार पेंटमागे स्फटिक होऊन फुगतात आणि पेंट गिलाव्यासकट सुटून येतो.

पूर्वी पावसाळा सरला की चुना नव्याने लावत, त्यामुळे थरावर थर साचलेले असतात. संवर्धक हे थर धारदार पात्याने पायरीपायरीने उघडतात. नखाएवढी खपली राळेत बसवून, तिचा छेद घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की कोणता रंग आधीचा, कोणता नंतरचा ते कळतं. सुटू लागलेला थर धरून ठेवण्यासाठी अल्कोहोलमध्ये मिसळलेला अतिसूक्ष्म कणांचा चुनाही वापरतात.

मूळ थर उरलाच नसेल तर? पोलंडची राजधानी वॉर्सॉचं ८५ टक्क्यांहून अधिक ऐतिहासिक केंद्र १९४४ मध्ये नाझींनी उद्ध्वस्त केलं. पुन्हा बांधलेल्या बाजारचौकातल्या दर्शनी भिंती १९५३ मध्ये कलाकारांनी नव्याने रंगवल्या. काही ठिकाणी ओला गिलावा कोरून खालचा रंग दाखवला. आपल्या देवळांवरच्या कावी कलेतही लाल थर असाच कोरून खालचा पांढरा चुना उघडा करतात. वॉर्सॉचा हा भाग १९८० मध्ये जागतिक वारसा ठरला, आणि आज १९५३ चं ते रंगकाम मूळ मानूनच जपलं जातं.

फोंताईन्हासमध्ये मूळ थर अजून जागेवर आहेत. खरवडणं टळत नसेल, तर निदान वळचणीखाली, जिथे पाऊस पोचत नाही, तिथला हातभर पट्टा सर्व थरांसकट सोडावा. पुढचा चुना कोणत्या रंगात कालवायचा, ते त्यावरून ठरवता येतं.