ऐतिहासिक कादंबरी आणि कालप्रवासाची प्रेमकथा : वाचकांची आवड

ऐतिहासिक कादंबरी गतकाळातली माणसे त्यांच्याच काळात ठेवून त्यांची गोष्ट सांगते. कालप्रवासाच्या प्रेमकथेत नंतरच्या काळातले माणूस, बहुधा एखादी स्त्री, मागच्या शतकात जाऊन पडते आणि तिथल्या कुणावर तरी तिचा जीव जडतो. ग्रंथालयात ही पुस्तके पुष्कळदा एकाच फळीवर असतात. वाचकांच्या अपेक्षा मात्र निराळ्या.

हा फरक एकाच घटनेभोवतीच्या दोन कादंबऱ्यांत स्वच्छ दिसतो. १७४५ मध्ये स्टुअर्ट घराण्याची गादी परत मिळवण्यासाठी स्कॉटलंडमध्ये जॅकोबाइटांनी, म्हणजे त्या घराण्याच्या समर्थकांनी, बंड केले आणि एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत ते चिरडले गेले. वॉल्टर स्कॉटच्या ‘वेव्हर्ली’त (१८१४) एक तरुण इंग्रज अधिकारी या बंडात ओढला जातो. त्याला पुढचे काहीच ठाऊक नाही. डायना गॅबल्डनच्या ‘आउटलँडर’मधली (१९९१) क्लेअर मात्र दुसऱ्या महायुद्धात परिचारिका होती, युद्ध संपल्यावर ती अचानक १७४३ मध्ये पोहोचते. तिला कलोडन ठाऊक आहे. पहिल्या कादंबरीत येऊ घातलेल्या पराभवाचे ओझे वाचक एकटाच वाहतो, दुसरीत नायिकाही वाहते. ज्याला हे ओझे वाटून घेणारे कुणी हवे असते, तो कालप्रवासाकडे वळतो.

क्लेअर तिथे पोहोचताच जेमी नावाच्या एका तरुणाचा निखळलेला खांदा बसवते. जखमेसाठी ती जंतुनाशक मागते, तेव्हा तो शब्दच कुणाला कळत नाही. जोसेफ लिस्टरने कार्बोलिक ॲसिड वापरून जखम निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली ती १८६७ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. कालप्रवासाच्या वाचकाला अशाच जागा आवडतात. ऐतिहासिक कादंबरीचा चोखंदळ वाचक नेमका इथे अडखळतो : त्याला जंतू ठाऊक नसलेल्या वैद्याच्या डोक्यात शिरायचे असते, त्याची चूक दाखवून देणारे कुणी नको असते. जुन्या पोशाखातली पण आजच्या विचारांची नायिका त्याला खटकते. कालप्रवासात हाच दोष कथेचा पाया होतो, आणि ही सोय मला प्रामाणिक वाटते.

तपशिलांच्या बाबतीत वाचकाचा कानही फसतो. टिफनी हे नाव मध्ययुगात प्रचलित होते, पण कानाला ते आजचे वाटते, म्हणून त्या काळच्या कथेत आले तर चुकीचे वाटते. जो वॉल्टन या लेखिकेने याला ‘टिफनी समस्या’ म्हटले आहे.

या प्रेमकथांवरचा गंभीर आक्षेप असा, की त्यांत भूतकाळ देखणा होतो. ऑक्टेव्हिया बटलरची ‘किंड्रेड’ (१९७९) प्रेमकथा नाही, पण तिच्याशेजारी ठेवले की हा आक्षेप पटतो. १९७६ मधली कृष्णवर्णीय डेना अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या गुलामगिरीत खेचली जाते. जुन्या काळात कुणाला मोकळेपणाने वावरता येते, हा प्रश्न तिथे टाळताच येत नाही.

प्रवास कशाने घडला, जादूच्या दगडाने की यंत्राने, याची प्रेमकथेच्या वाचकाला फारशी फिकीर नसते. त्याचे वाद वेगळ्याच गोष्टीवरून रंगतात. क्लेअरचा पती फ्रँक विसाव्या शतकात आहे आणि अठराव्या शतकात तिचे जेमीशी लग्न होते. जो नवरा अजून जन्मलाच नाही, त्याच्याशी ही प्रतारणा ठरते का? काही वाचकांना ती ठरते आणि ते पुस्तक मिटून ठेवतात. काही जण तिथूनच मनापासून वाचू लागतात.