टाळेबंदीतील आहारबदल

साथरोग आवरण्यासाठी लोकांना घरी थांबवले जाते, तेव्हा त्यांच्या खाण्यापिण्यात जो फरक पडतो त्याला टाळेबंदीतील आहारबदल म्हणता येईल. काय आणि किती खाल्ले एवढ्यावर हा विषय संपत नाही. केव्हा खाल्ले, कोणाबरोबर, कोणाच्या हातचे आणि ते घरात आले कुठून, हेही त्यात येते. यावरचे बहुतेक संशोधन कोविड-१९च्या साथीतले आहे. २३ जानेवारी २०२० रोजी चीनमधील वूहान शहर बंद झाले, ९ मार्चला इटलीने देशभर निर्बंध जाहीर केले आणि एप्रिलमध्ये जगातील निम्म्याहून अधिक लोक कोणत्या ना कोणत्या बंधनाखाली होते.

टाळेबंदीत माणसे जास्त खातात आणि जाड होतात, हा समज अर्धाच खरा आहे. फ्रान्समधील न्यूट्रीनेट-सांते या दीर्घकालीन अभ्यासात ३७,२५२ प्रौढांनी पहिल्या टाळेबंदीतील आपल्या आहाराची माहिती दिली. त्यांपैकी ३५ टक्के लोकांचे वजन सरासरी १.८ किलोने वाढले, तर २३ टक्के लोकांचे सरासरी २ किलोने घटले. उरलेल्यांच्या वजनात फारसा फरक नव्हता. एका गटात बिस्किटे, केक आणि मधल्या वेळचे खाणे वाढले, ताजी फळे व मासे कमी झाले. दुसऱ्या गटात घरी रांधणे वाढले. स्पेनमधील ७,५१४ जणांच्या पाहणीत तर आहार सरासरीने सुधारलेला दिसला : भाज्या, फळे, कडधान्ये वाढली आणि तळलेले व गोड पदार्थ कमी झाले. साथ एक, निर्बंधही साधारण सारखेच, तरी परिणाम उलटसुलट.

याचे कारण खाण्याच्या सवयीच्या घडणीत आहे. माणूस केवळ भूक लागली म्हणून खात नाही. कामाची वेळ, शाळेची घंटा, सोबतीला बसणारी माणसे, वाटेत लागणारी दुकाने आणि अन्नापासूनचे अंतर यांवर त्याचे खाणे टेकलेले असते. टाळेबंदीने हे टेकू एका दिवसात काढून घेतले. ज्याचे दुपारचे जेवण एरवी धावपळीत, बाहेरच्या तयार पदार्थांवर व्हायचे, त्याला गरम, घरचे अन्न मिळू लागले. ज्याला कामाच्या शिस्तीमुळेच दिवसभर अरबट-चरबट खाता येत नसे, त्याच्या मात्र चार पावलांवर स्वयंपाकघर आले. न्याहारी लांबली, जेवणे उशिरा सरकली आणि दोन जेवणांमधली सीमाच अनेक घरांत पुसट झाली.

त्यात कंटाळ्याची भर. कंटाळलेला माणूस खाण्याकडे वळतो हे साथीच्या आधीच प्रयोगांतून दिसले होते. रिकाम्या मनाला चटकन मिळणारे काहीतरी हवे असते आणि फ्रिजचे दार सर्वांत जवळ असते. ताणाचे काम इतके सरळ नाही. लांबलेल्या ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि गोड, स्निग्ध पदार्थांची ओढ लागते, पण काहींची भूक ताणाने पार मरते. शिवाय हालचाल घटली. अनेक देशांतील १,०४७ जणांच्या एका पाहणीत रोजचा बसून राहण्याचा वेळ सरासरी ५ तासांवरून ८ तासांवर गेला. खाणे तेवढेच ठेवले तरी वजन वाढायला एवढे पुरते. त्याच पाहणीत एका बैठकीत बेसुमार दारू पिण्याचे प्रमाण मात्र कमी झाले. पिण्यासाठी लागणारी मैफलच मोडली होती.

दुकानांत पीठ आणि यीस्ट मिळेनासे झाले, त्याचा दोष तेव्हा साठेबाजीवर टाकला गेला. लोकांनी धास्तीने सामान भरले हे खरे, पण अन्न पोहोचवण्याची रचनाही तितकीच कारणीभूत होती. ब्रिटनमध्ये एकूण पिठापैकी किरकोळ दुकानांतून विकले जाणारे पीठ जेमतेम ४ टक्के असे; बाकीचे मोठ्या पोत्यांत किंवा टँकरने बेकऱ्या आणि कारखान्यांकडे जाई. घरोघरी लोक एकदम ब्रेड-केक भाजायला लागले तेव्हा गिरण्यांत पीठ होते. ते छोट्या पिशव्यांत भरण्याची यंत्रे पुरेनात. याची दुसरी बाजू उपाहारगृहांवर अवलंबून असलेल्या मालाची. अमेरिकेत शेतकऱ्यांवर दूध ओतून देण्याची पाळी आली. बेल्जियममध्ये सुमारे साडेसात लाख टन बटाटे पडून राहण्याची वेळ आली, तेव्हा तिथल्या बटाटा उद्योगाच्या संघटनेने नागरिकांना आठवड्यातून दोनदा तळलेले बटाटे खाण्याचे आवाहन केले. देशभर आरोग्याची काळजी चाललेली असताना केलेले हे आवाहन नोंद घेण्याजोगेच.

घरचे अन्न वाढले, हा निष्कर्ष बहुतेक पाहण्यांत सापडतो आणि तो चांगला म्हणून मांडला जातो. ते रांधले कोणी, हे त्या आकड्यांत दिसत नाही. घरातली सगळी माणसे तिन्ही त्रिकाळ घरी जेवू लागली की स्वयंपाक, भांडी आणि ‘आता काय करायचे’ हा प्रश्न तिपटीने वाढतो. पहिल्या काही आठवड्यांतली नवे पदार्थ करून बघण्याची हौस पुढे ओसरली, त्यामागे हा शीणही होता.

अन्नातूनच रोग येईल ही भीती वेगळी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मार्च २०२०मध्येच अन्नावाटे संसर्ग होत असल्याचा पुरावा नसल्याचे सांगितले होते, तरी लोक पिशव्या पुसत राहिले. काहींनी फळभाज्या साबणाने धुतल्या. तसे करू नका, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला सांगावे लागले. ही धास्ती जुनीच आहे. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये इंग्लंडमधील ईम गावाने स्वतःला कोंडून घेतले, तेव्हा आसपासचे लोक गावाच्या वेशीवरील दगडांपाशी अन्न ठेवून जात आणि गावकरी त्याचे पैसे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवत. फ्लॉरेन्समधील वाड्यांच्या भिंतींत दारू विकण्यासाठी केलेल्या चिमुकल्या खिडक्या १६३०च्या दशकातील प्लेगमध्ये अंतर राखायला उपयोगी पडल्या आणि त्यांतल्या काही २०२०मध्ये पुन्हा उघडल्या. दारात ठेवून जाण्याची घरपोच सेवा हा त्याचाच यंत्रयुगातला अवतार म्हणायला हरकत नाही.

आतापर्यंतचे वर्णन ज्यांच्या घरात पुरेसे अन्न होते त्यांचे आहे. रोजच्या कमाईवर रोजची चूल पेटवणाऱ्यांचा आहारबदल म्हणजे ताटातले पदार्थ कमी होणे, आधी महागडे आणि नाशवंत, मग एखादे जेवणच. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या २०२१च्या अहवालानुसार २०२० साली जगात ७२ ते ८१.१ कोटी लोक उपाशी होते आणि सुमारे २३७ कोटी लोकांना वर्षभर पुरेसे अन्न मिळत नव्हते. शाळा बंद झाल्याने सुमारे ३७ कोटी मुलांचे शाळेतले जेवण तुटले, असा जागतिक अन्न कार्यक्रमाचा अंदाज होता. बऱ्याच मुलांचे दिवसातले एकमेव सकस जेवण तेच असते. श्रीमंत देशांत मुलांचे चित्र उलटे होते : अमेरिकेतील २ ते १९ वयोगटातील ४,३२,३०२ मुलांच्या नोंदींत शरीरवस्तुमान निर्देशांक (उंचीच्या मानाने वजनाचे माप) वाढण्याचा वेग साथीपूर्वीच्या जवळजवळ दुप्पट आढळला. याच काळात अनेक देशांत मुद्दाम उपाशी राहण्याच्या विकाराने रुग्णालयात दाखल होणाऱ्या किशोरवयीनांची संख्याही वाढली.

या विषयावरचे आकडे जपून वापरावे लागतात. प्रश्नावल्या बहुधा इंटरनेटवरून भरून घेतल्या होत्या, त्यामुळे सुशिक्षित, जोडणी असलेले आणि आहाराची आवड असलेले लोक त्यांत जास्त आले. इटलीतील एका पाहणीत ३,५३३ जणांपैकी ७६.१ टक्के स्त्रिया होत्या. तिथे ४८.६ टक्के लोकांनी आपले वजन वाढल्याचे सांगितले, पण तो त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज होता. अमेरिकेतील मुलांची वजने प्रत्यक्ष मोजलेली होती, म्हणून त्या अभ्यासाला अधिक वजन आहे.

निर्बंध उठल्यावर यातले किती टिकले? घरबसल्या किराणा मागवण्याची सवय बऱ्याच प्रमाणात राहिली. अन्न वाया न घालवण्याची मात्र तितकी राहिली नाही. ब्रिटनमध्ये ब्रेड, बटाटे, दूध व कोंबडी यांची लोकांनी स्वतः सांगितलेली नासाडी एप्रिल २०२०मध्ये साथीपूर्वीपेक्षा बरीच घटली होती : यादी करून खरेदी, उरलेल्याचा दुसऱ्या दिवशी वापर आणि हाताशी वेळ, ही त्याची कारणे. बंधने सैल होऊन दिवस पुन्हा घाईचे झाले, तशी नासाडी परत वाढू लागली.