खळ्यातल्या गजालीपासून पॉडकास्टपर्यंत

कुडाळ-वेंगुर्ले पट्ट्यात तिन्हीसांजेनंतर चार माणसे खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसली की त्या बोलण्याला गजाली म्हणतात. गजालीला विषय ठरलेला नसतो, पण भूत आणि नाटक हे दोन विषय हमखास निघतातच. आता त्यात सिनेमा आला आहे, आणि सिनेमामागोमाग मोबाइलचा रेकॉर्डर. आम्ही चौघे मित्र महिन्यातून दोनदा असेच बसतो. दोघे गावी, दोघे मुंबईहून फोनवर. एखादा भयपट, लोकांनी डोक्यावर घेतलेला एखादा जुना ‘कल्ट’ सिनेमा किंवा सणासुदीला घरच्यांसोबत बघायचा चित्रपट घेऊन तासभर बोलतो आणि ते पॉडकास्ट म्हणून ऐकायला सोडतो. या तीन प्रकारांची मोट का बांधली, असे ऐकणारे विचारतात. आमच्याकडे ती आधीपासूनच बांधलेली होती. ती कशी, ते सांगण्यासाठी ही पार्श्वभूमी.

तंत्राचा इतिहास थोडक्यात आटोपतो. ‘पॉडकास्ट’ हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रिटनच्या ‘द गार्डियन’मध्ये बेन हॅमर्सली यांनी लिहिला, आयपॉडमधला ‘पॉड’ आणि ब्रॉडकास्टमधला ‘कास्ट’. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. कोकणातल्या वाड्यांपर्यंत हे पोचायला सप्टेंबर २०१६ नंतरचा स्वस्त डेटा यावा लागला. मग २०२० आले. टाळेबंदीत चाकरमानी गावी परतले आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत पुढे बरेच दिवस वीज नव्हती. आमच्यातल्या एकाचे घर तिकडचे. कौले उडालेल्या घरांतली माणसे एकाच पडवीत झोपत होती, आणि टीव्हीसमोर रात्री काढायची सवय लागलेली म्हातारी मंडळी पुन्हा चकवा, गिऱ्हा अशा भुतांच्या गोष्टी सांगू लागली. त्याने गाडीच्या बॅटरीवर फोन चार्ज करून त्या रेकॉर्ड केल्या आणि वीज आल्यावर आम्हाला पाठवल्या. आमचे पहिले रेकॉर्डिंग म्हणायचे तर तेच.

त्या गोष्टी लिहून काढण्याचा मोठा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वी झाला होता. ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने कोकणातल्या लोकसमजुतींची माहिती गोळा केली होती आणि ती देणाऱ्यांत गावोगावचे शाळामास्तर होते. हाच जॅक्सन पुढे नाशिकचा कलेक्टर झाला आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात नाटकाला आलेला असताना अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे मूळचे खेड तालुक्यातल्या आयनीचे. जॅक्सनने जमवलेल्या माहितीवरून आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये कोकणच्या लोकसमजुतींचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात भुतांची यादीच आहे: वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, आणि बायकांमध्ये जखीण, लावसट, हडळ. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला, कारण यातली बहुतेक नावे मी आजीच्या तोंडून ऐकली होती, आणि तीही दिवसाउजेडी. रात्री ती सापालाही साप म्हणत नसे, ‘जनावर’ म्हणे. मग हडळीचे नाव कुठून घेणार? अंधारात नाव उच्चारायचे नाही, हा आमचा भयकथेचा पहिला धडा.

आणि इथले सगळेच अमानवी काही वाईट नसते. देवचार शिवेवर राखण करतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे देव झालेल्या वेताळाला, भलेमोठे चामडी जोडे वाहतात. तो रात्री गावभर फिरतो, म्हणून जोड्यांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा आहे. देवळात ते जोडे बघितले की दोन गोष्टी एकदम जाणवतात: एवढा मोठा पाय असलेला कोणीतरी काळोखात चालतो, आणि तो आपला आहे. ज्या भयपटात भुताला शेवटी जाळून टाकले की काम संपते, तो आमच्या बैठकीत फारसा कुणाला आवडत नाही. भुताशी काही देणेघेणे, काही करार असला तरच आमच्याकडच्या माणसाला ते खरे वाटते.

आता नाटकाकडे. दशावतार, आमच्या बोलीत दहीकालो, जत्रेच्या रात्री देवळासमोर सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की मंडळे गावोगाव फिरतात. सुरुवातीच्या भागात, आडदशावतारात, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, मग काळा संकासूर येतो आणि मांडीवरची पोरे आईला बिलगतात. संवाद लिहिलेले नसतात. कथानक काय, कोणाची भूमिका कोणती, एवढे रंग लावता लावता ठरते. बाकी सगळे नटाच्या जिभेवर. राक्षस कधीकधी मागून, बसलेल्या माणसांतूनच आरोळी ठोकत येतो. दुसऱ्या दिवशी एसटीत ‘त्या मंडळाचा राक्षस कसा आला आणि ह्याचा कसा आला’ यावर जे बोलणे चालते, ते कोकणातले सर्वांत जुने समीक्षण. सण, भय आणि पुन्हा पुन्हा बघायची आवड या तिन्ही गोष्टी तिथे एकाच रात्रीत, एकाच मांडवाखाली असतात. आम्हीही कागदावर काही लिहून आणत नाही. सिनेमा कोणता आणि सुरुवात कोण करणार, एवढेच ठरते.

सिनेमा या मांडवात आला तो व्हीसीआरबरोबर. ऐंशीच्या दशकात गणपतीत वाडीने वर्गणी काढायची, तालुक्याहून टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि रात्रभरात तीन सिनेमे बघायचे. आमच्या खळ्यात टीव्ही पाटावर ठेवत, आणि पाऊस आला की सगळे ते धूड उचलून पडवीत पळत. पहिला सिनेमा देवाधर्माचा, दुसरा मारामारीचा. तिसरा रामसेंचा भुताचा, तो सुरू व्हायच्या आत बायाबापड्या पोरांना ओढून घरात नेत आणि पोरे खिडकीच्या गजांतून बघत. रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ चा, ‘पुराना मंदिर’ १९८४ चा. आज त्यातला मेकअप कच्चा दिसतो हे खरे, पण आत गणपतीसमोर समई तेवते आहे आणि बाहेर पडद्यावर दरवाजा करकरतो आहे, ही रात्र आमच्या पिढीच्या अंगात मुरली आहे. कॅसेट अडकली की कोणीतरी ती बाहेर काढून पेन्सिलीने फीत गुंडाळत बसे, आणि तेवढ्या वेळात पुढे काय होणार याची गजाल रंगे. बऱ्याचदा ती सिनेमापेक्षा चांगली असे.

कल्ट म्हणजे काय, हे मला त्या रात्रींमुळे कळले. न्यूयॉर्कमध्ये १९७६ पासून ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ मध्यरात्री दाखवू लागले आणि प्रेक्षक पडद्याला उलट उत्तरे देऊ लागले; ते दशावताराला बसलेल्या कुणालाही ओळखीचे वाटेल. १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ पहिल्यांदा फारसा चालला नव्हता. १९७४ मध्ये त्याच्या कॉपीराइटचे नूतनीकरण राहून गेले, टीव्ही केंद्रे तो नाताळात फुकट दाखवू लागली आणि घराघरात तो सणाचा सिनेमा झाला. आमच्याकडे १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ असाच टीव्हीवर वर्षानुवर्षे लागत राहिला. ‘धनंजय माने इथेच राहतात का’ हे वाक्य आज शाळकरी पोरालाही येते. १९९३ च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू, रामदास पाध्ये यांचा तो बाहुला, एकाच वेळी हसवणारा आणि रात्री अंथरुणात आठवणारा. पुन्हा पुन्हा लागणे आणि त्यावर पुन्हा पुन्हा बोलणे, एवढ्यावर सिनेमा जगतो. बोलणारे नसतील तर नुसत्या लागण्याने काही होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

कोकणचे भूत घरोघरी पोचवले ते टीव्हीने. २०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या वाड्यात. मालवणी बोली रोज रात्री महाराष्ट्रभर ऐकू जाऊ लागली. कोकणाला अंधश्रद्धाळू दाखवता म्हणून इथूनच विरोधही झाला, आणि तो रास्त होता, कारण भीतीसोबतचा तो करार, ती राखण त्यात कमी दिसे. तरी आमच्या बोलीत कुणी पडद्यावर घाबरते आहे, हे आम्ही प्रथमच बघत होतो.

मग ‘तुंबाड’. गाव खरे आहे, खेड तालुक्यात, जगबुडी नदीकाठी, श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीने ते नाव मराठी वाचकाच्या मनात आधीच कोरलेले होते. सिनेमाचे बीज नारायण धारपांच्या कथेचे. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो लागला आणि फारसा गल्ला न जमवता उतरला. नंतर बघणाऱ्यांनी एकमेकांना सांगितले, चर्चा वाढत गेली आणि १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लागला. या वेळी पहिल्या खेपेच्या एकूण कमाईपेक्षा जास्त गल्ला जमला. त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला बसले होते. भयपट, कल्ट आणि सण एकाच आठवड्यात! त्याच वर्षी जूनमध्ये कोकणात घडणारा ‘मुंज्या’ही गाजला होता. आम्ही त्या दोन सिनेमांवर तीन भाग केले आणि तरी बोलायचे संपले नाही.

नाताळातला भाग आम्ही सावंतवाडीच्या मित्राकडे करतो. त्याच्या ख्रिस्ती घरी दारावर कागदी चांदणी लागलेली असते, ताटात नेवऱ्या असतात. इंग्लंडातही नाताळाच्या लांब रात्री शेकोटीभोवती भुताच्या गोष्टी सांगत. १८४३ ची डिकन्सची प्रसिद्ध नाताळकथा भुतांचीच आहे. मागच्या खेपेला मित्र नेमके हेच सांगत होता आणि शेजारच्या गावात जत्रा होती. त्या भागात एके ठिकाणी, त्याचे वाक्य अर्ध्यावर असताना, लाउडस्पीकरवरून राक्षसाची आरोळी ऐकू येते. मित्र थांबतो, चौघे गप्प होतो, आणि त्याची आई आतून म्हणते, ‘इलो बघ.’ संपादन करताना आम्ही ते काढले नाही.