माळावरचं गवत: पोळ्याचं आणि शिमग्याचं

मृगाचा पाऊस झाला की मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या माळावर पंधरवड्यात हिरवळ धरते. पोळ्यापर्यंत जनावर अंग धरतं, गाय दुधाला चढते. तीच गाय शिमग्याच्या सुमाराला त्याच माळावर दिवसभर चरते आणि तिच्या बरगड्या मोजता येतात. गवत तर उभं असतं, कस मात्र निघून गेलेला असतो.

पवन्या-मारवेलासारख्या कोवळ्या गवतात प्रथिनं साधारण ८ ते १० टक्के असतात. फुलोरा सरला की कस बियांत आणि मुळांत उतरतो, काडी लाकडासारखी होते. उन्हाळ्यात प्रथिनं ३-४ टक्क्यांवर येतात. ७ टक्क्यांच्या खाली कोठीपोटातल्या, चारा पचवणाऱ्या जंतूंचंच भागत नाही. चारा तिथेच रेंगाळतो आणि जनावर तोंड फिरवतं. पोट फुगलेलं, जनावर उपाशी. फॉस्फरसही घटतो. चैत्रात गाय माळावर हाड चघळताना दिसते ती त्यामुळेच. कुसळी या गवताचं दुखणं आणखी वेगळं. तिचं पीळदार, टोकदार कुसळ धोतरात रुततं, तसंच ते मेंढीच्या कातडीत आणि शेळीच्या हिरडीत शिरतं.

जुन्या गावगाड्याने यावर वर्षाची साखळी बसवली होती. पावसाळ्यात गायरान, पुढे शाळूचा कडबा, उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा आणि बोरी-हिवराचा पाला. कडब्यातही प्रथिनं कमीच, पण शेंगा ती उणीव भरून काढत. खोल मुळांची झाडं वैशाखातही हिरवी असत. देवणी नि लाल कंधारी गुरं आणि उस्मानाबादी शेळी याच चाऱ्यावर घडली.

ही साखळी कडीकडीने तुटली. गायरानं कसायला गेली. भूमिहीनांना जमीन हवीच होती आणि १९९१ च्या शासन निर्णयाने त्यांची बरीच अतिक्रमणं नियमित झाली, ते योग्यच झालं. पण चराईची दुसरी सोय कुणी केली नाही. उरलेल्या तुकड्यावर गर्दी झाली, मारवेल आधी खाल्लं गेलं, कुसळी मागे राहिली. नव्वदीनंतर सोयाबीन पसरलं आणि ज्वारीबरोबर कडबाही आटला. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात बीडकडची जनावरं चारा छावणीत उसावर जगली. उसात साखर असते, प्रथिनं नावालाच.

गवत फुलोऱ्यात कापून वाळवलं, तर कस बराचसा काडीत राहतो. पण तो फुलोरा नेमका सोयाबीनच्या काढणीत येतो, आणि तेव्हा माळावर विळा घेऊन जायला घरात माणूस मोकळा नसतो.