प्रभामंडळाच्या गाभ्यात काय दडलंय?

दीर्घिकेभोवतीच्या कृष्णद्रव्याच्या (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थाच्या) प्रभामंडळाची, म्हणजे गोलसर वेष्टनाची, कल्पना एका अडचणीतून पुढे आली. 1973 मध्ये जेरेमाया ऑस्ट्रायकर आणि जेम्स पीबल्स यांनी संगणकावर ताऱ्यांच्या जागी अवघे काहीशे बिंदू घेऊन दीर्घिकेसारखी फिरती चकती तयार केली, तर ती टिकेचना! काही फेऱ्यांतच तिचा लांबट दांडा व्हायचा. चकतीला सावरायला भोवती जड, गोलसर वेष्टन हवं, असं त्यांनी सुचवलं.

न दिसणाऱ्या वस्तुमानाची कुणकुण त्याआधीच लागली होती. 1933 मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांना कोमा समूहातल्या दीर्घिकांच्या वेगांवरून ती लागली. 1970 मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या फिरण्याचा वेग बराच बाहेरपर्यंत मोजला. पुढे हायड्रोजन वायूच्या 21 सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींनी त्याहून दूरचं दाखवलं: तारे संपले तरी वेग उतरत नाही. वेग स्थिर, म्हणजे आतलं वस्तुमान अंतराच्या प्रमाणात वाढतं आणि घनता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. हे पहिलं सोपं प्रारूप. सोय मोठी, पण एकूण वस्तुमान अनंत होतं, म्हणून कुठेतरी कात्री लावावीच लागते.

1996-97 मध्ये हुलिओ नवारो, कार्लोस फ्रेंक आणि सायमन व्हाइट यांनी विश्वनिर्मितीच्या सिम्युलेशनमधून (संगणकावरच्या नकलेतून) प्रभामंडळाच्या घनतेचं सूत्र काढलं. त्यात घनता आत अंतराच्या व्यस्त प्रमाणात, बाहेर घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. लहानमोठ्या सगळ्या प्रभामंडळांना साचा एकच. तिघांच्या आद्याक्षरांवरून ते ‘एनएफडब्ल्यू’ म्हणून रूढ झालं. नंतरच्या, अधिक बारकाईच्या सिम्युलेशनना याहून चांगलं बसणारं सूत्र मात्र जुनंच निघालं: यान आइनास्टो यांनी 1965 मध्ये ताऱ्यांच्या वितरणासाठी वापरलेलं!

खरी ठिणगी केंद्रात पडली. सिम्युलेशन म्हणतं, मध्यभागी घनता टोकदार सुळक्यासारखी चढत जावी. फिकट, वायूने भरलेल्या अनेक बटू (अगदी लहान) दीर्घिकांचे वेग मात्र सपाट गाभा, म्हणजे मध्यभागी जवळपास सारखीच घनता, सुचवतात. 1994 पासून हा वाद चालू आहे. आंद्रेआस बुर्कर्ट यांनी 1995 मध्ये सपाट गाभ्याचं वेगळं सूत्रच दिलं. अधिनवताऱ्यांच्या (आयुष्याच्या शेवटी फुटणाऱ्या ताऱ्यांच्या) स्फोटांनी वायू वारंवार बाहेर फेकला गेला, की गुरुत्वाकर्षण हेलकावतं आणि कृष्णद्रव्यही बाहेर सरकतं, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटण्यासारखं वाटतं. पण ज्या बटू दीर्घिकांत तारे जेमतेम जन्मले, तिथे एवढी ऊर्जा आणायची कुठून? तिथेही सपाट गाभा सापडला, तर कृष्णद्रव्याच्या कणांच्या स्वभावाकडेच बोट जाईल.