मानसिक आजार आणि सार्वजनिक सेवांतील भेदभाव (भारत)

मानसिक आजार असलेल्या किंवा पूर्वी तो होऊन गेलेल्या व्यक्तीला केवळ त्या कारणावरून आरोग्यसेवा, विमा, शासकीय नोकरी किंवा कल्याणकारी योजना नाकारणे, लांबणीवर टाकणे अथवा कमी दर्जाची देणे म्हणजे हा भेदभाव होय. लेखी नकार क्वचितच मिळतो. बहुतेक वेळा भेदभाव कार्यपद्धतीतच मुरलेला असतो आणि म्हणून त्याविरुद्ध दाद मागणे अवघड जाते.

मानसिक आजाराविषयीच्या 1912 च्या कायद्याचा भर रुग्णाला बंदिस्त ठेवण्यावर होता. 1987 च्या कायद्यानेही मुख्यतः मनोरुग्णालयांचे परवाने आणि तेथे रुग्णांना दाखल करणे यांचेच नियमन केले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 मधील कलम 21 ने मात्र मानसिक व शारीरिक आजारांना आरोग्यसेवेत समान लेखले. रुग्णवाहिकासुद्धा त्याच दर्जाची हवी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. याच कलमाने आरोग्यविम्यातही समानता बंधनकारक केली. विमा नियामक प्राधिकरणाने 2018 मध्ये कंपन्यांना तसे कळवले, तरी 2022 मध्ये पुन्हा मुदत घालून द्यावी लागली, यावरून अंमलबजावणीची गती लक्षात यावी.

दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 नुसार मानसिक आजार हे दिव्यांगत्व आहे. मात्र आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. तो देताना स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद आणि काम या चार बाबींत येणाऱ्या अडचणी व आजाराचा कालावधी यांना गुण दिले जातात. आजार चढउताराचा असल्यास ही मोजणी विशेष अन्यायकारक ठरू शकते: औषधे लागू पडून माणूस नीटनेटका, धड बोलणारा असा समोर बसला, की तपासणाऱ्याला अडचण दिसत नाही, आणि प्रकृती बिघडलेली असेल, तर रांगेत उभे राहून कागद जुळवणेच त्याला झेपत नाही. शिवाय दाखला तात्पुरता असल्यास मुदत संपताच हा सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

सर्वसाधारण रुग्णालयांतील भेदभावाकडे तुलनेने कमी लक्ष जाते. जुन्या केसपेपरवर मनोविकाराचे निदान दिसले, की छातीतले दुखणेही ‘मनाचे’ ठरवले जाते आणि आवश्यक तपासण्या राहून जातात.

नोकरीच्या संदर्भात केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. मानसिक दिव्यांगत्वाशी निगडित वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव असून, दिव्यांगत्व हेच त्या वर्तनाचे एकमेव कारण होते असे कर्मचाऱ्याने सिद्ध करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले.