खुडूक कोंबडी आणि खोक्यातली पिल्लं

औसा तालुक्यातल्या मावशीकडं मार्चअखेरीला एक गावरान कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला हटून बसली. जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरायची. मावशीनं पाटीत भुस्सा घालून तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "उन्हाळ्याची अंडी कशाला ठिवती बाई? निम्मी वाया जात्यात."

आजींचं बरोबर होतं. साधारण २१ अंशांच्या खाली अंड्यातला गर्भ झोपलेला असतो. पत्र्याच्या घरात पारा पस्तिशी ओलांडतो तेव्हा तो कोंबडीशिवायच जागा होतो, वेडावाकडा वाढतो आणि मरतो. म्हणून उबवायची अंडी माठाजवळच्या थंड कोपऱ्यात ठेवायची, आणि तीही आठवडाभराच्या आत बसवायची. दुसरी अडचण कोरड्या हवेची. २१ दिवसांत अंड्याचं सुमारे १२ टक्के वजन पाण्याच्या वाफेनं कमी होतं, तेवढं व्हायलाही हवं. त्याहून जास्त सुकलं तर आतला पापुद्रा पिल्लाला चिकटतो आणि ते कवचातच अडकतं. हॅचरीच्या, म्हणजे पिल्लं काढायच्या कारखान्याच्या, यंत्रात ३७.५ अंश तापमान आणि ओलावा दोन्ही राखलेले असतात. मावशीच्या पाटीतून सात पिल्लं निघाली.

हॅचरीचं पिल्लू खोक्यातून दूरचा प्रवास करतं, कारण बाहेर येण्याआधी ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर दोनेक दिवस निघतात. खरी परीक्षा घरी आल्यावर. आदल्या डिसेंबरात मावशीनं अशी वीस पिल्लं आणून बल्बखाली ठेवली होती. पहिल्या आठवड्यात त्यांना ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते. पहाटे लाईट गेली, पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढली आणि खालची सहा गुदमरली. कोंबडीची लाईट जात नाही.

पण कोंबडीला नुसता हीटर समजू नये. १९७३ मध्ये नुर्मी आणि रांताला या फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू नवजात पिल्लांना पाजले तर साल्मोनेला या रोगजंतूला त्यांच्या पोटात सहज पाय रोवता येत नाहीत. यंत्रातल्या पिल्लाला आईचे हे जिवाणू मिळत नाहीत. आईमागं उकिरडा उकरणाऱ्या पिल्लाला ते फुकट मिळतात. (उकिरड्यातले जंतही मिळतात, ते सोडून देऊ.)

लस मात्र आईकडं नसते. मरेक या पाय लुळे करणाऱ्या विषाणूच्या रोगाची लस हॅचरीत पहिल्याच दिवशी टोचतात. घरच्या पिल्लांना ती सहसा मिळतच नाही. राणीखेत या साथीच्या रोगासाठी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लशीचा थेंब डोळ्यात घालावा लागतो. कुपी शंभरावर पिल्लांची असते आणि एकदा मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. सात पिल्लांसाठी ती कोण फोडणार? गल्लीतल्या चार घरांनी एकत्र आणली तर परवडते.

मावशीनं यंदा आईची ऊब आणि लस, दोन्ही जमवलं. तिची सात निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं हॅचरीतून लस टोचलेली सहा पिल्लं आणली. दिवसा ठेवली असती तर कोंबडीनं चोच मारून हाकलली असती. रात्री नऊला, दिवा न लावता, एकेक करून पंखाखाली सारली. कोंबडी जरा कुरकुरली, मग गप्प झाली.

सकाळी तेराही पिल्लं तिच्यामागं उकिरड्यावर होती.